अँटलर घाटातली बर्फगाडी रात्री चालू ठेवण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय देखभाल अभियंता,
राज्य रस्ते विभाग, अँटलर घाट उपविभाग,
बॅरेट सिटी.

विषय : अर्जदाराच्या बाळंतपणाच्या रात्री घाटात बर्फ काढणारी गाडी चालवण्याची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : "रात्रीच्या फेरीसाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी मागणी आवश्यक" असे कळवणारे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

मी, टेसा लिंडग्रेन, राहणार कोल्ड फोर्क, आपणांस विनंतीपूर्वक कळवते की :

१. मला नववा महिना लागला आहे. आमच्या गावच्या हॉस्पिटलातला प्रसूती विभाग गेल्या वसंतात बंद झाला. आता सर्वांत जवळची सोय बॅरेट सिटीला, घाटापलीकडे, नव्वद मैलांवर आहे. आपली बर्फगाडी रात्री दहाला थांबते ती पहाटे चारला निघते. मधल्या वेळात घाट बंद असतो. हे वेळापत्रक बाळाला कळवण्याची सोय माझ्याकडे नाही.

२. विभाग बंद करताना हॉस्पिटल चालवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी शाळेत सभा घेतली होती. बाळंतपणासाठी रात्रंदिवस डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तयार ठेवावे लागते, आणि इतक्या थोड्या बाळांवर ते परवडत नाही, असे त्यांनी सांगितले. "साऱ्या अमेरिकेत लहान गावांतून हेच चाललंय," असेही म्हणाले. गुडघे बदलण्याचा विभाग मात्र परवडतो, तो चालू आहे. माझ्या सासूबाई अर्डिस यांचे दोन्ही गुडघे तिथेच बदललेले आहेत. त्या ताडकन उठल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे साहेब, माझे गुडघे नफ्यात आणि माझं नातवंड तोट्यात, असंच ना?" लोक हसले. साहेबही हसले. म्हणाले, "बाई, पण उभ्या किती छान राहिलात!"

३. त्यानंतर कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून गावातल्या प्रत्येक गरोदर बाईला एक पिशवी दिली. तीत एक विजेरी, एक पातळ कांबळे आणि "प्रवासात प्रसूती झाल्यास" नावाचे रंगीत पत्रक आहे. पत्रकावरची बाई हसते आहे. तिच्या गाडीबाहेर उन्हाळा आहे.

४. माझी अडचण केवळ लांबच्या रस्त्याची नाही. माझी थोरली, वेरा, गावच्याच हॉस्पिटलात जन्मली तेव्हा माझे रक्त थांबेना. तेव्हाचे प्रसूतीचे डॉक्टर प्रुइट पडवीच्या दुसऱ्या टोकाला सँडविच खात होते. ते धावत आले, म्हणून मी हा अर्ज लिहिते आहे. या वेळी आधीच दाखल करून घ्यावे, असे मी विमा कंपनीला कळवले. मागच्या खेपेचा रक्तस्राव हा या खेपेचे कारण होऊ शकत नाही, असे उत्तर आले. मग बॅरेट सिटीत राहण्याचा खर्च मागितला, तर हॉटेल हा उपचार नाही, असे कळले. स्वतःच्या खर्चाने तिथे किती दिवस बसणार? माझे पती डेल लाकूडगिरणीत आहेत, त्यांची रजा तोवर टिकायची नाही. हेलिकॉप्टर बर्फात उडत नाही.

५. आपल्या पत्राप्रमाणे मी डॉक्टरांची मागणी आणायला निघाले. गावच्या हॉस्पिटलात म्हणाले, आमच्याकडे प्रसूती होतच नाही, तेव्हा तुम्ही आमच्या रुग्ण नाही. बॅरेट सिटीच्या हॉस्पिटलात म्हणाले, तुम्ही दाखल झाल्यावर आमच्या रुग्ण व्हाल, मग लगेच देऊ. दाखल झाल्यावर मला घाट ओलांडायचा नसेल, हे मी तिथल्या फोनवरच्या मुलीला दोनदा सांगितले. ती बिचारी म्हणाली, "ताई, मला कळतंय हो, पण माझ्या पडद्यावर तसा रकानाच नाही."

६. आपले बर्फगाडीवाले लाइल यांनाही मी भेटले. या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच त्यांच्या गाडीमागे थांबलेल्या मोटारीत एक बाळ जन्मले. लाइल बाहेर डोळे मिटून विजेरी धरून उभे होते. त्या मुलीचे नाव लाइला ठेवले आहे. ते मला म्हणाले, "अगं पोरी, मी रात्रभर चालवीन. पण साहेबांच्या सहीशिवाय किल्ली फिरवली तर माझी पेन्शन जाईल. आणि खरं सांगू? मला रस्ता साफ करता येतो. त्या पोरीच्या वेळी सगळं नीट झालं. तुझ्या वेळी रक्त थांबलं नाही, तर मी काय करू गं?"

७. तरी विनंती की,
(अ) माझा फोन आल्यास लाइल यांना रात्री आमच्या गाडीपुढे बर्फगाडी चालवू द्यावी.
(ब) ते शक्य नसल्यास, घाटमाथ्यावरच्या आपल्या, रस्त्यावरचे बर्फ वितळवायच्या मिठाच्या शेडमध्ये मला आणि डेलला या महिन्याअखेरपर्यंत राहू द्यावे. तिथे शेगडी आहे, आणि तिथून पुढचा उतार लवकर मोकळा होतो, असे लाइल म्हणतात. डेल दिवसा गिरणीत जाऊन येईल. आम्ही मिठाला हात लावणार नाही. वेरा आजीकडे राहील.
(क) दोन्ही शक्य नसल्यास नकार लेखी पाठवू नये, लाइलबरोबर तोंडी कळवावा. लेखी नकार डेलच्या हाती पडला, तर तो फावडे घेऊन एकटाच घाटात जाईल. मी त्याला ओळखते.

८. हा अर्ज वेरा झोपेल तसतसा लिहिला आहे. वरचा डाग तिच्या सफरचंदाचा आहे, क्षमा असावी. बाळाचे सामान दाराशी ठेवले आहे. ती रोज ते उपसते, आणि दोन्ही लहान मोजे स्वतःच्या बोटांवर चढवून बाळाशी बोलते. तिला मी सांगितले आहे की आई दवाखान्यात जाऊन परत येणार.

महोदय, माझे काम रस्त्यांच्या खात्याचे नाही, हे मला कळते. पण गेल्या खेपेस डॉक्टर आणि मी यांच्यात एक पडवी होती. तीच पडवी आता नव्वद मैलांची झाली आहे, आणि तिच्यावरचे बर्फ काढणे तुमच्याकडे आले आहे.

आपल्या गाडीच्या पिवळ्या दिव्याची वाट पाहणारी,

टेसा लिंडग्रेन
कोल्ड फोर्क, ९ जानेवारी

सोबत :
१. दोन्ही हॉस्पिटलांची आणि विमा कंपनीची उत्तरे.
२. कंपनीचे पत्रक.
३. डॉक्टरांचा दाखला. गावात सही करायला तयार झालेले डॉक्टर गुडघ्यांचे एकटेच आहेत. त्यांना ज्याचा अधिकार आहे तेवढेच त्यांनी लिहिले आहे : "बाईंचे दोन्ही गुडघे मी तपासले. उत्तम आहेत. तरीही त्यांना घाट चालत ओलांडायला लावू नये."