इकालुइट ते येलोनाइफ: अर्ध्या दिवसाची प्रवासरजा आणि सहा दिवसांचा प्रवास

प्रति,
मा. संचालक,
उत्तर जलतपासणी संस्था, इकालुइट

विषय : दि. ४ ते ६ मार्च हे दिवस गैरहजेरीऐवजी प्रवासात धरण्याबाबत.
संदर्भ : मुख्य लिपिक श्री. लॉरेन्स हिकी यांची दि. ८ मार्चची नोटीस.

महोदय,

मी आपल्या प्रयोगशाळेत नोंदणी लिपिक आहे. माझी धाकटी बहीण सियासी हिचे लग्न शनिवार, दि. २ मार्च रोजी येलोनाइफला होते. संस्थेच्या तक्त्यात हे अंतर २,२६० किलोमीटर आणि विमानप्रवास साडेतीन तास असा दिला असल्याने श्री. हिकी यांनी मला शुक्रवारची अर्धी रजा मंजूर केली. त्या आठवड्यात सरळ विमान नाही, असे मी सांगितले. ते म्हणाले, "नकाशावर पट्टी ठेवून बघ, ऊलूटी. अंतर तेवढंच आहे."

त्यामुळे मी वडिलांसह आधी दक्षिणेला ओटावा, मग पश्चिमेला एडमंटन अशी निघाले. शनिवारी विमान येलोनाइफवर तीन घिरट्या घालून बर्फवादळामुळे एडमंटनला परतले. लग्नाची वेळ टळत होती. वडिलांच्या खोक्यात लग्नासाठी नेलेला, आमच्याकडे कच्चाच खातात तो 'आर्क्टिक चार' जातीचा गोठवलेला मासा होता, तोही वितळू लागला. वडील म्हणाले, "लग्नाचे पाहुणे इथं नाहीत, तर इथल्यांनाच पाहुणे समजू." त्यांनी विमानतळाच्या जमिनीवर पुठ्ठा पसरला, मासा कापला आणि अडकलेल्या प्रवाशांना जेवायला बोलावले. तिसऱ्यांदा मासा घेणारे गृहस्थ म्हणाले, "पोटभर झालं. मला आज येलोनाइफला एक लग्न लावायचं होतं." ते सियासीचेच पाद्री निघाले. वडिलांनी त्यांना आणखी एक तुकडा वाढला आणि मला म्हणाले, "म्हणजे आपल्याला उशीर झालेलाच नाही." मी सियासीला फोन केला. ती आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "ताई, त्यांना सोडू नका."

लग्न रविवारी दुपारी चार वाजता लागले. सोमवारी आम्ही परत निघालो. इकालुइटला हिमवादळ असल्याने ओटावात दोन रात्री काढून बुधवारी संध्याकाळी पोहोचलो. गुरुवारी सकाळी आठला मी कामावर हजर होते.

तीन दिवसांच्या गैरहजेरीमुळे १ एप्रिलची माझी कायम नेमणूक रोखण्यात आली आहे. चार वर्षांत माझी ही पहिलीच रजा होती.

श्री. हिकी स्वतः सोमवारी, दि. ११ रोजी, त्याच तक्त्याप्रमाणे येलोनाइफच्या एका दिवसाच्या बैठकीसाठी गेले. काल त्यांचा ओटावाहून फोन आला. "बैठक संपली, मी अजून पोहोचलोच नाही. हजेरीपटावर मला काय दाखवतेस?" त्यांच्या गैरहजेरीत हजेरीपट माझ्याकडे असल्याने मी त्यांच्या नावापुढे 'प्रवासात' असे लिहिले आहे. त्यांनी माझे आभार मानले.

हाच शब्द माझ्या नावापुढेही लिहिण्याची परवानगी मिळावी, एवढीच विनंती.

आपली नम्र,
ऊलूटी अकावाक
नोंदणी लिपिक
इकालुइट, दि. १४ मार्च २०२४

सोबत : विमानाचे सात पास, पाद्रींचे पत्र (त्यावरील डाग माशाचे आहेत, मजकूर वाचता येतो).