घाटावरचा उतार

अण्णा, घाटावर उतार झाला आहे. पंचवटीच्या बाजूला, तुमचा दहावा झाला त्याच्या थोडं खालच्या अंगाला. सिंहस्थ जवळ आला की या गावातले रस्ते उकरले जातात. आताही उकरले आहेत. त्या उकराउकरीत कुणाच्या तरी मनात आलं की ज्यांना पायऱ्या उतरता येत नाहीत त्यांनाही पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे. मी आता अशाच कामाच्या एका समितीत आहे. कॉलेजातले तास संपले की आम्ही चारदोन जण फिरतो. फूटपाथ बघतो, सिग्नल बघतो, दवाखाने, बागा, बसथांबे बघतो. कुठे चाकांची खुर्ची अडते, कुठे आंधळ्या माणसाची काठी थेट विजेच्या डबड्यावर आपटते, ते कळवतो. बहुतेक वेळा आमचं शांतपणे ऐकून घेतात आणि चहा देतात. या वेळी ऐकून उतार केला. तुम्हाला कळवावं असं वाटलं, कारण हा प्रश्न मुळात तुम्ही विचारला होता.

तुम्ही होतात तोवर मला उताराची गरज पडली नाही. तुमची पाठ होती. ओझरच्या कारखान्यातून पहिल्या पाळीची बस तुम्हाला कोपऱ्यावर सोडायची. तुम्ही डबा ओट्यावर ठेवायचात, हातपाय धुवायचात आणि दारापुढच्या पायरीवर माझ्याकडे पाठ करून गुडघे वाकवून बसायचात. ‘चल, बस.’ एवढंच. मी गळ्यात हात टाकते. माझ्या पायाला बांधलेल्या कॅलिपरचं लोखंड तुमच्या मांडीला लागतं, तुम्ही काही बोलत नाही. साबणाने धुऊनही तुमच्या मानेला मशीनच्या तेलाचा वास येत राहतो. शाळेचा जिना, दवाखान्याचा जिना, लग्नाच्या हॉलचा जिना, सगळे मी त्या वासातून चढले. मी कॉलेजात गेले तरी हे चालू होतं. एकदा शेजारच्या काकू फाटकाशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘अहो, पोरगी केवढी झाली आता! शोभतं का?’ तुम्ही मला पाठीवर सावरत म्हणालात, ‘ती मोठी झाली, मी म्हातारा झालो. वजनाचा हिशोब बरोबर आहे, वहिनी.’ काकू हसल्या. मीही हसले. तुमचा श्वास लागला होता आणि तो माझ्या छातीला कळत होता.

आपल्या कॉलनीत प्रत्येक फाटकापुढे सिमेंटचा उतार होता. स्कूटर चढवायला. आपल्या गल्लीत असं एकही घर नव्हतं जिथे स्कूटरला बाहेर झोपावं लागत असेल. पण ते उतार इतके उभे होते की खुर्ची त्यांवरून मागेच यायची. एका रविवारी तुम्ही भंगारबाजारातून लोखंडाच्या दोन लांब पन्हळी घेऊन आलात, त्यांना आतून रबर चिकटवलंत आणि त्या दोन पायऱ्यांवर टाकून मला म्हणालात, ‘उतर बरं.’ मी उतरले. एकटी. तुम्ही खाली उभे होतात, हात पुढे केलेले, पण लावले नाहीत. मला मिळालेली ती सगळ्यात चांगली भेट होती. फक्त आपल्या दोन पायऱ्यांपुरती होती. फाटकाच्या बाहेर गाव तसंच होतं.

एक प्रसंग मला अजून शब्दाशब्दाने आठवतो. बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा कॉलेजचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. क्लार्क भला माणूस. तो म्हणाला, ‘बाईंना वर कशाला आणता, मीच कागद खाली आणतो, इथे सही करू द्या.’ मी लगेच म्हणाले, ‘काही हरकत नाही.’ संध्याकाळी स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, मी ओट्याला टेकून बसले होते आणि तुम्ही जेवता जेवता एकदम ताट बाजूला सारलंत. ‘काय हरकत नाही?’ आईने मागे वळून पाहिलं. ‘कशाला काय हरकत नाही? उद्या ते म्हणतील, वर्गही वर आहे, तुम्ही खाली बसा, आम्ही नोट्स आणून देतो. तेव्हाही म्हणशील, हरकत नाही. तू म्हणत राहा. लोकांना तेच हवंय.’ आई म्हणाली, ‘अहो, जेवताना कशाला?’ तुम्ही म्हणालात, ‘मग केव्हा? ही दिवसभर सगळ्यांची सोय बघत असते.’ मग माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘हरकत असेल तर आहे म्हणायचं.’ आणि ताट पुढे ओढून जेवायला लागलात. मला रडू आलं होतं. मी रागावले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला पाठीवर घेऊन तो जिना चढलात आणि मी त्या क्लार्कच्या टेबलापुढे बसून पुन्हा सही केली. त्याला काही कळलं नाही. त्याने दोनदा सही कशाला असं विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘पहिली खाली झाली होती.’

तुमची पाठ गेली तेव्हा डॉक्टरांनी मशीनवरच्या कामाचं कारण सांगितलं. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. पुढचं दुखणं वेगळं होतं, पण ते सुरू झालं तेव्हा तुम्ही आधीच वाकला होतात. दवाखान्यातल्या एका दुपारी आई चहा आणायला गेली होती. तुम्ही छताकडे बघत विचारलंत, ‘मी गेल्यावर तुला पाठीवर कोण घेणार?’ मी म्हणाले, ‘कुणी नाही. मी आता कुणाच्या पाठीवर बसणार नाही.’ तुम्ही थोडे हसलात. ‘मग जाशील कशी?’ मला उत्तर सुचलं नाही. आई चहा घेऊन आली. तो प्रश्न तिथेच राहिला.

तुमच्या दहाव्याला धाकटा म्हणाला, ‘ताई, चल, मी घेतो.’ त्याने माझ्यापुढे गुडघे वाकवले. त्याला तुमच्यासारखं बसता येत नव्हतं. मी म्हणाले, नको. सगळे खाली गेले. मी वर रस्त्यावर, पूजेच्या सामानाच्या दुकानाशेजारी, खुर्चीत. मला फक्त डोकी दिसत होती आणि त्यांत धाकट्याचं मुंडण केलेलं डोकं. पिंड ठेवला, सगळे मागे सरले, आणि कावळा येईना. कठड्यावर चांगले दहाबारा बसले होते. एकही हलला नाही. मग खालून आवाज यायला लागले. काका म्हणाले, ‘घराचं बघू आम्ही, काळजी करू नका.’ नाही. आत्या म्हणाली, ‘वहिनीला अंतर देणार नाही.’ नाही. मग सगळ्यांना एकदमच आठवलं. ‘अरे, पोरीचं म्हण! त्याचा जीव पोरीत होता.’ धाकटा हात जोडून मोठ्याने म्हणाला, ‘अण्णा, ताईला मी सांभाळीन. कुठे जायचं असेल तिथे मी उचलून नेईन.’ त्याचा आवाज फाटला. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी कावळ्यांकडे बघत होते. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. येताना आत्या मला म्हणाली, ‘काय राहिलं होतं गं त्याचं मनात?’ मी म्हणाले, माहीत नाही. मला माहीत होतं काय राहिलं होतं. उत्तर माहीत नव्हतं.

मी या गोष्टी मानते का, असं तुम्ही विचाराल. तुम्हीही मानत नव्हतात. आजोबांच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, कावळ्याला भूक लागली की तो येतो. तरी इतकी वर्षं मी त्या घाटाच्या वरून जात आले, रिक्षातून, खुर्चीतून, आणि एकदाही खाली गेले नाही. धाकट्याने कितीदा विचारलं. त्याने त्याचा शब्द पाळला असता. मला तोच पाळून घ्यायचा नव्हता.

उतार झाल्याचा निरोप आला तेव्हा मी सकाळीच गेले. कामावरची इंजिनिअर एक तरुण मुलगी आहे, हुशार, उन्हाने रापलेली. उतार खरंच चांगला होता. लांब, हलका, मध्ये एक वळण, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. आणि तोंडाशी लोखंडाचे पाइप उभे होते, जमिनीत पक्के बसवलेले, खुर्ची जाणार नाही इतके जवळ जवळ. मी खुर्ची पुढे नेली. चाकं पाइपांना टेकली आणि थांबली.

‘हे काय?’

‘मॅडम, ॲक्च्युअली ड्रॉइंगमध्ये नव्हते,’ ती म्हणाली. ‘पण उतार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून लोकं गाड्या घेऊन खाली. नदीवर गाड्या धुवायला. मग वरून सांगितलं, पाइप टाका.’

तिथे एक बाई फुलांची आणि दिव्यांची टोपली घेऊन बसते. ती लगेच म्हणाली, ‘लय गाड्या यायच्या, ताई. एकाने तर दिवे लावलेत तिथंच साबणाचा फेस सोडला. मीच बोंब मारली म्हणून पाइप आले.’

‘आणि मी कुठून जाऊ?’

बाईने पाइपांकडे पाहिलं, मग माझ्या खुर्चीकडे. ‘अगं बाई,’ ती म्हणाली. ‘तुमच्यासाठीच होता का हा? आम्हाला वाटलं, हातगाडीसाठी.’

इंजिनिअर मुलीचा चेहरा पडला. तिने टेप काढला, मग मोजायची गरज नाही हे तिलाच दिसलं. म्हणाली, ‘मॅडम, मी बदलून घेते. पण आज एवढ्या लांब आलात तर... चार माणसं आहेत कामावर. खुर्चीसकट अलगद उचलून पलीकडे ठेवतील. पुढे तुम्ही तुमच्या तुमच्या जा. काही हरकत नाही ना?’

पाणी तिथून दिसत होतं, अण्णा. इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं. चार माणसं हातातली घमेली ठेवून उभीही राहिली होती. एका मिनिटाचं काम. माझ्या तोंडात ते शब्द आले होते, सवयीचे.

‘आहे,’ मी म्हणाले.

ती गोंधळली. मी म्हणाले, ‘आज मला उचलून नेलंत तर हे पाइप असेच राहतील. तुमच्या मनात तसं नसेल, पण राहतील.’ आणि रिक्षा करून घरी आले. घरी आल्यावर खूप वेळ कपडे बदलले नाहीत.

मध्ये पुष्कळ बोलणी झाली. कुणी म्हणालं, एक पाइप कुलपाचा करू, किल्ली वॉचमनकडे ठेवू. मी विचारलं, वॉचमन जेवायला गेला तर मी पाण्याकडे कुणाच्या भुकेच्या वेळा पाळून जायचं? शेवटी मधला पाइप कापला. दोन चाकी गाड्या अजून अधूनमधून उतरतात. फुलवाली ओरडते. तिने ते काम स्वतःकडे घेतलं आहे. मला म्हणाली, ‘आता कुणी घातली ना गाडी, तर हवाच सोडते.’

गेल्या आठवड्यात मी खाली गेले. इंजिनिअर मुलगी मागे चालत होती. तिचे हात माझ्या खुर्चीच्या मुठींजवळ होते, मला न बघता कळत होतं. ‘लावू नका,’ म्हटलं. ‘नाही लावत, मॅडम.’ वळणावर चाक जरा घासलं, मग सरळ झालं. आणि मी खाली होते. पाणी हिरवट, त्यावर झेंडूच्या पाकळ्या, एका कडेला प्लास्टिक. वर्षानुवर्षं मनात धरून ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

शेजारीच कुणाचा तरी दहावा चालू होता. पिंड ठेवलेला, माणसं मागे सरलेली, कावळा येत नव्हता. ‘आईला मी नेतो माझ्याकडे,’ एक मुलगा म्हणत होता. मी तुमच्यासाठी एक वाक्य ठरवून आले होते. साधं होतं. उतारावरून आले, अण्णा. तेवढंच तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी ते म्हणायला मान वर केली, तेवढ्यात त्यांच्यातला एक म्हातारा माझ्यावर खेकसला, ‘ओ ताई, जरा मागं घ्या ना ती खुर्ची! चाकं चमकतायत, त्याला बिचकून येईना तो.’ मी मागे घेतली. ‘अजून मागं.’ अजून घेतली. कुणीही माझ्याकडे दयेने पाहिलं नाही. मी घाटावर नुसती मध्ये येत होते, जशी बाकीची माणसं मध्ये येतात. कावळा आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मीही त्यांच्यातली होते आणि माझंही काम नीट झालं होतं. मग मला ते वाक्य म्हणावंसं वाटलं नाही. तुम्ही तिथे असतात तर तुम्हाला दिसलंच असतं.

हे पत्र कुठे जाणार नाही. पाण्यात कागद टाकू नये अशी पाटी आता तिथे आहे, आणि ती पाटी लावा असं सांगणाऱ्यांत मीही होते. म्हणून राहिलेलं एक इथेच लिहिते. वर येताना चढ जड गेला. हात दुखले. वळणावर मी ब्रेक लावून थांबले. मुलीने विचारलं, ‘ढकलू का, मॅडम?’ मी नको म्हणाले. मी चढावर तशीच बसून राहिले, आणि मला समोरच्या रिकाम्या सिमेंटकडे बघताना वाटत होतं की आता कुणीतरी तिथे येऊन माझ्याकडे पाठ करून बसेल. मग मी ब्रेक काढला. समितीच्या कागदावर मी लिहिलं, उतार एकट्या माणसाला वापरता येतो. ते खरं आहे. वळणावर मी कशाला थांबले, ते त्यात लिहिलं नाही.