दिव्यावरचं काळं फडकं

मार्गशीर्ष शु. ४
इंग्रजी तारखा सोडल्या. चंद्र कधी आड येणार नाही ते तिथीच सांगते, अन् मले आता तेवढ्याशीच मतलब.
परसात घुमटाचं जोतं पुरं झालं. कॅमेऱ्याचा खांब मधोमध, जोत्यापासून सुटा. बाजूले कोणी पाय आपटत चाललं तरी कॅमेरा हलू नये. बायको, सिंधू, आपटतच चालली. "न्हाणीले दार नाही, अन् तारे पाह्याले घुमट!" लावून देईन दार. कधीतरी.

पौष व. २
गफूरभाई पत्र्याच्या ज्वारीच्या कोठ्या बनवतात. त्यांच्याकडूनच घुमट. डांबराची पिंपं ठोकून सपाट केली. घुमट फिरावा म्हणून बैलगाडीच्या चाकांच्या दोन लोखंडी धावा कापून, जोडून एक मोठं कडं केलं. पहिल्यांदा फिरवलं तर असं किंचाळलं की गल्ली गोळा झाली. एरंडीचं तेल पाजलं, तेव्हा गप बसलं.
शेजारच्या दगडूची बायको कमळ कुंपणावरून म्हणते, "भाऊजी, एवढी मोठी कोठी? कोण्या साली भरन ही?"
झालं. आता अख्खं मेहकर मले कोठीवाला म्हणते. स्टुडिओत फोटो काढाले आलेला नवरदेवही फिसकन हसला. त्याचे डोळे मिटलेले असतानाच बटण दाबलं. घे म्हटलं, टांग भिंतीवर.

माघ शु. ७
आमच्या बोळात लाइट आली. दगडूनंच मागे लागून आणली. बायका पहाटे अंधारात बाहेर जातात, वाटेत विंचूकाटा. खांबाले नारळ फोडला, पेढे वाटले. अन् बल्ब कुठं? माझ्या घुमटाच्या फटीत सरळ तोंड घालून! साल्याले दुसरी जागाच सापडली नाही.
दगडूले म्हटलं, दिवा असला की ताऱ्याइचा फोटो निघत नाही, पहाटेचे दोन तास बंद ठेवू. "मास्तर, पहाटेसाठीच तर लावला." वरून कमळ, "तुमच्या ताऱ्याइले आमचा दिवा खुपते का, भाऊजी?" सगळे हसले. मीही हसलो. आतून नुसता जळून राह्यलो होतो.

फाल्गुन व. ९
पहाटे पूर्वेले शेंडेनक्षत्र, म्हणजे धूमकेतू, दिसून राह्यलं. लोक हात जोडतात, काही थुंकतात. मले फक्त त्याचा फोटो पाहिजे. पाडव्यानंतर ते फिकं पडत जाईल, मग ह्या जन्मी नाही.
आज फोटोच्या तीन काचा धुतल्या. तिन्ही काळ्याठिक्कर. दिव्याचा उजेड घुसला. वायरमनले गाठलं. हात जोडून म्हणते, "नोकरी जाईन माझी." इमानदार गाढव.

फा. व. १४, सकाळी
केलं एकदाचं. गल्ली झोपल्यावर शिडी लावली अन् स्टुडिओच्या कॅमेऱ्याचं काळं फडकं दिव्यावर गच्च बांधलं. आतून लाल अस्तर, दोन पदर. बोळ गुडूप. कोणी मरत नाही एका पहाटेनं, म्हटलं.
काच आत्ताच धुतली. शेपूट अख्खं आलंय! टोकापर्यंत! खाली बसून रडलो मी, खोटं काऊन बोलू. एवढ्या वर्षांत हसरे-रडके सगळे फोटो काढले, हा एकच माझा.
बाहेर बायका ओरडून राह्यल्या. फडकं उतरवायचं राहूनच गेलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कमळले पान लागलं, साप चावला. बोळाच्या वळणावर. बायका म्हणाल्या, लाइट गेली दिसते, थांबू. तर ही म्हणाली, मी पुढं होते, या माझ्या मागं. सिंधू तिच्या मागंच होती.
ट्रकमध्ये घालून बुलढाण्याले नेलं. ट्रक गेल्यावर मी शिडीकडे पळालो. फडकं नव्हतं. बल्ब दिवसाढवळ्या जळून राह्यला होता. कोणी काढलं?

फा. व. ३०
गेली. रात्रीच गेली, सकाळी आणली.
लोक म्हणतात, शेंडेनक्षत्रानं नेली. काही म्हणतात, वायरमननं दिवा बंद ठेवला. त्याले धरून दोन थोबाडीत दिल्या. "चालूच होता हो!" म्हणून रडत होता. मी तिथंच होतो. गर्दीत एक पाऊल मागं सरकलो, बस.
मग दगडू माझ्या दारात. "मास्तर, तिचा एकबी फोटो नाही. न्याच्या आधी एक काढून द्या."
नाही कसं म्हणू? पण फडक्याशिवाय कॅमेऱ्याच्या काचेवर काही दिसत नाही. उगाच पेट्या उपसत बसलो. सिंधू मागं येऊन उभी राहिली. हातात फडकं, नीट घडी घातलेलं. "हे घ्या," म्हणाली. बस, एवढंच.
भिंतीले टेकवून बसवलं होतं तिले, हिरव्या लुगड्यात. मी फडक्यात डोकं घातलं. जळका वास. बल्बनं मधोमध भोक पाडलेलं, त्यातून ऊन येऊन काचेवर पडलं. काचेवर माणूस उलटं दिसतं, तशी कमळ उलटी, अन् ऊन नेमकं तिच्या कपाळावर. भोकावर हात धरला तेव्हा चेहरा दिसला.
"कुंकू येईन ना फोटोत?" दगडू विचारत होता.
येईल म्हटलं.

चैत्र शु. १
पाडवा. दगडूच्या दारात गुढी नाही. सिंधूनं आमचीही उभारली नाही. दोन्ही काचा, कमळची अन् शेंडेनक्षत्राची, एकाच फळीवर वाळून राह्यल्या.
सिंधू म्हणाली, "तेरवीच्या आत तुम्ही सांगा. नाही तर मी सांगीन."
"सांगून काय परत येणार आहे ती?"
तिनं जेवायले वाढलं, अन् स्वतः उठून गेली.

चैत्र शु. ५
आत्ता दगडू फोटो न्याले आला. कमळचा मोठा करून दिला. खूप वेळ पाहत बसला, कुंकवावर बोट फिरवलं. मग फळीवरचा दुसरा फोटो त्याले दिसला. मी झाकायले पाहिजे होता. कोणाले तरी दाखवायची हौस, दुसरं काय.
"हेच का ते? तिले नेणारं?"
हो म्हटलं.
उचलून जवळ धरला त्यानं. राग नव्हता चेहऱ्यावर. नुसता विचार करत होता.
"पण मास्तर, तुम्हीच म्हणत होते ना, दिवा असला की फोटो निघत नाही? मग हा कवा काढला?"
सिंधू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली होती. तिथंच थांबली. त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहत होती.
आलोच म्हटलं, अन् आत येऊन दार लोटलं, हे लिहून राह्यलो. तो बाहेर ओट्यावर बसून आहे. सिंधू काहीतरी बोलून राह्यली, हळू आवाजात. शब्द ऐकू येत नाहीत.