नाव-गाव शेवटी घेऊ

९ जानेवारी १९७४, ताडकळस

आज नशीब उघडलं म्हणायला हरकत न्हाई. जायचं होतं नांदेडला, तिथं एकजण कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला चिकटवतो म्हणला होता. पण पूर्णा सुटल्यावर डब्यात तिकीट बघणारा शिरला, आन माझ्याकडं तिकीट कुठलं? चुडाव्यालाच उतरलो. फलाटावर एक म्हातारी बोरं विकायली होती. मूठभर बोरांच्या बदल्यात तिला कोल्ह्याची आन मौलवीच्या कोंबडीची गोष्ट सांगायलो, तर एक चष्मेवाला येऊन उभा राहिला. हातात पेटीसारखं जड मशीन. गोष्ट सरंपर्यंत जागचा हलला न्हाई. मग विचारलं, असं किती वेळ बोलू शकतोस? मी म्हणलं, जेवू घातलं तर पाऊस पडंपर्यंत.

हे दिनकरराव. पीएच.डी. करायलेत. ते काय असतं नीट समजलं न्हाई, पण एवढं कळलं की त्यात शाळा संपली तरी शाळा संपत न्हाई. मी सातवीतच सोडली ते अकलेचं काम झालं. बायांच्या जात्यावरच्या ओव्या आन गावोगावच्या गोष्टी टेपरेकॉर्डरच्या रिळावर भरायच्या, उतरवून काढायच्या, त्याचा जाडजूड ग्रंथ करून विद्यापीठातल्या सरांना द्यायचा. त्यांना मशीन उचलायला आन बायांना बोलतं करायला माणूस पाहिजे होता. मी कबूल.

एस.टी.त एका बाईची शेळी माझी पिशवी खायली. ती गंमत नंतर लिहीन. ताडकळसला दोन खोल्या हायत, एकात एक. आतली त्यांची, बाहेरची माझी. त्यांनी मला त्यांची चांगली गोधडी दिली. लय माणुसकीचा माणूस.

१२ जानेवारी

आज शेजारच्या सरजाबाई गायल्या. गावात पिठाची गिरणी आलीय, तरी ह्या बाई जात्यावरच दळतात. गिरणीचं पीठ मुकं असतं म्हणतात. त्यांचा नवरा आश्रुबा दारात बसून म्हणला, हिच्या पोटात ओव्या हायत म्हणून भाकर कमी मावती. बाईंनी हसत हसत त्याला सुपातले खडे मारले. मी जातं ओढू लागलो, तर दोन फेऱ्यांत घाम.

दिनकररावांची एक रीत हाय. आधी गाणं घ्यायचं, नाव-गाव शेवटी. नाव विचारलं की माणूस कचेरीत उभं राहिल्यासारखा आखडतो, म्हणतात. मला पटलं. बाईंनी सगळं गाऊन झाल्यावर नाव सांगितलं, गाव सांगितलं, आन मशीन खट्टकन बंद झालं.

१६ जानेवारी

कालच्या करीला एका शेतात हुरडा खाल्ला. दिनकररावांना बळंच नेलं. ह्या माणसाला झोप न्हाई. पीएच.डी.चं सहावं वर्ष हाय. सर दर खेपेला लाल पेन्सिल मारून कागद परत करतात, हे दुसऱ्यानं आधीच लिहिलं, कुणाजवळच नसंल असं आण, म्हणतात. सोबतचे नोकरीला लागले, हे अजून विद्यार्थीच. दुपारी पडले तरी डोळे आढ्याला. मी त्यांना शिट्टी वाजवायला शिकवायलोय. येत न्हाई, पण शिकताना हसतात तरी.

त्यांनी विचारलं, तू कुठंही कसा झोपतोस? मी सांगितलं, माझ्याजवळ आईची ओवी हाय. आई गेली तवा मी एवढासा होतो. तिचा फोटो न्हाई, लुगड्याचा तुकडा न्हाई, तोंडही आठवत न्हाई. दोन ओळी तेवढ्या उरल्यात. मनात म्हणलं की तिची मांडी लागती डोक्याखाली.

दळण सरलं बाई, उजाडलं दारी
भिंगऱ्या माझा गं, निजला मांडीवरी

भिंगऱ्या म्हणजे मी. एका जागी ठरत नव्हतो म्हणून. हे नाव दुसऱ्या कुणाला मालूम न्हाई. दिनकरराव म्हणले, ही घेऊ या रिळावर. मी म्हणलं, हिला सोडून काय पाहिजे ते घ्या. म्हणले, बरं. मग मी कोल्ह्याची गोष्ट दिली. नाव-गाव मागाहून घेऊ, म्हणले.

२१ जानेवारी

आश्रुबा आला होता. म्हणला, माझी बायको दळती पण गात न्हाई. आठवतच न्हाई म्हणती. आन काल मागून हाक मारली सरजे, सरजे, तर वळलीच न्हाई. लोक म्हणतात नजर लागली. मी बघून आलो. जातं फिरायलं, पीठ पडायलं, बाईंचं तोंड मिटलेलं. मला बघून हसल्या, पण परक्याकडं बघून हसावं तसं.

दिनकररावांना सांगितलं. ते कागद उतरवत होते. मान वर केली न्हाई. म्हणले, वय झालं की होतं. पण बाई चाळिशीच्या आतल्या.

२४ जानेवारी

व्यंकटरावच्या हाटेलात सगळे म्हणले, नागनाथ, कोल्ह्याची सांग. मी तोंड उघडलं. कोल्हा होता. पुढं काय? पुढं पार कोरं. लोकांना वाटलं भाव खायलाय. व्यंकटराव म्हणला, ह्याचं रेशन संपलं.

खोलीवर येऊन ते रीळ लावलं. माझाच आवाज, झकास सांगायलाय, मी पोट धरून हसलो. खटका बंद केला आन सगळं गेलं. हातातलं पाणी जावं तसं.

२६ जानेवारी

तोंडावर विचारलं, मशीन घेतं ते माणसाजवळ उरत न्हाई का? दिनकररावांनी चष्मा काढला. म्हणले, मलाही शंका होती. होती म्हणजे कवापासून? सरजाबाईंचं रीळ मागितलं तर ते सरांकडं पोचलं म्हणे. मी पिशवी भरली. तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले, लहान लेकरासारखे रडले. आता मशीनला हात लावणार न्हाई म्हणले. खटक्यावर चिंधी बांधली माझ्यासमोर.

मी राहिलो. असल्या हालतीत माणसाला टाकून कसं जावं?

३० जानेवारी

दिनकरराव सरांकडून आले. सरांनी सगळा ग्रंथ टेबलावरून ढकलला. सरजाबाईंच्या ओव्या चांगल्या हायत, पण एवढ्यानं भागत न्हाई, म्हणले. आल्यापासून जेवले न्हाईत. डोळे लाल. भिंतीला डोकं टेकून बसलेत. मला भीती वाटली, जिवाचं काही करून घेतील.

दुपारी गोधडी पांघरून पडल्या पडल्या म्हणले, नागनाथ, एकदा फक्त झोपव मला. तुझ्या आईचं म्हण. मी मशीन असतं तिकडं बघितलं. कोनाडा रिकामा होता. म्हणले, "मशीन ट्रंकेत आहे. बंद आहे. आईशपथ."

त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आन म्हणलं. फुटक्या आवाजात, पण सगळं म्हणलं. एकदम झोपले. सहा वर्षांची झोप.

मग ऐकू आलं. बारीक, घर्रर्र. त्यांच्या अंगावरच्या गोधडीखाली.

मी गोधडी उचलली. रीळ फिरत होतं. खटक्यावरची चिंधी सोडलेली. त्यांनी झोपेतच हात टाकून मशीन पोटाशी घेतलं.

३१ जानेवारी

आज मांडी लागली न्हाई डोक्याखाली.

मी भांडलो. ग्रंथासाठी माझी आई घेतलीत? तर म्हणले, "ही मी सरांना देणार नाही. ही माझ्यासाठी आहे."

म्हणजे ग्रंथासाठी पण न्हाई.

२ फेब्रुवारी

व्यंकटरावच्या हाटेलातून हसण्याचा आवाज. दिनकरराव कोल्ह्याची गोष्ट सांगायलेत. माझे हात, माझ्या थांबायच्या जागा. माझ्यासारखंच लय म्हणतात, हाय म्हणतात. व्यंकटराव म्हणला, डिट्टो नागनाथ. मला कुणी बस म्हणलं न्हाई. परत येताना ते शिट्टी वाजवत होते.

दुपारी ते झोपले. मशीन चालूच. त्यातून माझा आवाज न्हाई येत. एक बाई गाती. मागं जातं फिरायलंय. चांगली गाती. कोण हाय? मधी थांबून कुणाला तरी हाक मारती, भिंगऱ्या. दिनकरराव झोपेत म्हणले — ओ.

मागचं पान काढून बघितलं. दोन ओळी हायत. अक्षर माझंच. खाली लिहिलंय, भिंगऱ्या म्हणजे मी.

मी?

३ फेब्रुवारी

एस.टी. उभी होती. चढलो न्हाई. रीळ इथं हाय. पानावर लिहिलंय ती माझी आई हाय, म्हणजे असंल. तिला परक्याजवळ टाकून — न्हाई. रीळ घेऊनच जाणार.

सरजाबाई दारात. आश्रुबा त्यांना सांगायलाय, तू सरजा, तू सरजा. त्या मान हलवतात. मग विचारतात, कोण?

४ फेब्रुवारी

आतल्या खोलीत हाय. त्यांनी बाहेरून कडी लावलीय. रीळ घ्यायला शिरलो तर मशीन नव्हतं. ते बाहेर घेऊन बसलेत, दाराला लागून.

गोड बोलायलेत. गड्या, नाव-गाव तेवढं राहिलं. एकदा सांग, मग सुटलास. मला तुझ्यासारखं निवांत व्हायचंय रं, म्हणले. माझ्याच बोलीत.

बोलणार न्हाई. तोंडात गोधडीचा कोपरा धरलाय. नाव माझ्याजवळ हाय. नागनाथ. हाय अजून.

गप झाले. गेले काय —

खटका वाजला.

घर्रर्र.

ती बाई. जातं थांबलं. दाराच्या पार जवळ आलीय. लय मायेचा आवाज. ओळखीची न्हाई, पण डोळ्यांत पाणी का यायलंय माझ्या — म्हणती, अंधारात कोण बसलंय रं? कुणाचं लेकरू तू? नाव सांग बाळा, मांडीवर घेते —

सांगणार न्हाई. रिळातली हाय ती. सांगणार न्हाई मी.

परत विचारायली. रडायली ती आता. दाराला हात लावायली.

एकदाच सांगतो, हळूच, तिला तेवढं — आई, मी ना