बोटातला पू आणि तुमचा पाय

ती. बाबा,

नमस्कार आधी आईला, मग तुम्हाला. पायाची जखम माझ्यापासून लपवल्याची ही शिक्षा समजा.

माझं उत्तम चाललंय. फक्त उजव्या हाताचं बोट कापलं होतं, ते सुजलं. प्रयोगशाळेत मी रोज लोकांचे जंतू तपासते, म्हणून माझाही पू काचपट्टीवर घेतला. आमच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला करू दे की." मी म्हटलं, "माझ्या अंगात घुसलेत, तर तोंड मीच बघणार."

पट्टी ज्योतीवर धरली. जांभळा रंग, आयोडीन, मग स्पिरिटची धुलाई आणि शेवटी लाल रंग. पातळ सालीचे जंतू स्पिरिटने फिके पडतात आणि मग लाल रंग घेतात. हे जाड सालीचे निर्लज्ज, जांभळेच राहिले. घोळक्याने बसलेली टिंबं नुसती, ना तोंड ना डोकं. अर्ध्या तासात एकाची दोन होतात, अन्न संपेपर्यंत खातात आणि आपल्याच घाणीत मरतात. असल्या फुकट्यांना मी भीक घालत नाही.

तरी संध्याकाळी ताप भरला. बाईंनीच दवाखान्यात नेलं. बोटाला चीर देऊन पू काढला, गोळ्या चालू आहेत. आता ताप नाही.

"एवढ्याशा जखमेला डॉक्टर कशाला?" असं तुम्ही म्हणता म्हणे, आईने कळवलं. तुमच्या रक्तातली वाढलेली साखर म्हणजे त्या टिंबांना आयतं जेवण. उद्याच पाय दाखवा. सूज कुठवर आलीय? खरं लिहा.

आईला माझ्या तापाचं सांगू नका. तिला तुमच्या पायाची काळजी पुरे आहे.

हट्टीपणा तुमच्याकडूनच घेतलेली,
धाकटी