बासरीवाला पेल

॥ श्री ॥

शेवगाव,
ता. ६ फेब्रुवारी १९७२

ती. स्व. राधाकृष्णदादास,
पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मागच्या आठवड्यातच मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण दोनदा लिहून फाडलं. खाडाखोड केलेला कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हे आप्पांनी शाळेत घालायच्या आधी ओसरीवर बसवून शिकवलं, ते काही सुटत नाही. तू हसशील, पण तुझ्या पत्रात एका पानावर सहा ठिकाणी शाई सांडलेली असते आणि आप्पा ते पाहून तुझ्या बापाचं नाव घेतात.

तब्येतीचं विचारलंस. क्षयाची इंजेक्शनं रोज सकाळी दवाखान्यात जाऊन घेते. मधे खंड पडला तर रोग उलटेल असं डॉक्टरांनी बजावलंय, म्हणून एकही चुकवलेलं नाही. खोकला उतरलाय. चालताना जरा तोल जातो आणि कानात सारखे रातकिडे बोलतात, पण तो अशक्तपणा असणार. नर्सबाई रोज विचारतात, की काही त्रास आहे का. मी नाही म्हणते. उगाच काही सांगावं आणि त्यांनी इंजेक्शनच बंद करावं, ही भीती वाटते. वहिनीचा गोरक्ष आता रांगायला लागलाय आणि नेमका माझ्याच खोलीच्या उंबऱ्याकडे येतो. माझं ताट, तांब्या, अंथरूण, सगळं वेगळं ठेवलंय. तरी त्याला उचलून नेईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

बाहेरचं जग खोलीत येतं ते फक्त तू दिलेल्या रेकॉर्ड प्लेअरमधून. सेल संपत आले की आपल्या त्या विलायती बँडचा, 'विंटर फेरी'चा, गायक थोर्ली म्हाताऱ्यासारखा गायला लागतो, मग झुंबरआत्या माझ्या धाकट्या भावाला सेल आणायला बाजारात पिटाळते.

आपल्या भांडणाचं उत्तर देते. 'विंटर फेरी'ची गाणी थोर्ली लिहितो, असं तू म्हणतोस, कारण तो गातो. मला ते पटत नाही. ती बासरीवाल्या मार्टिन पेलनं लिहिली आहेत. पहिल्या रेकॉर्डवरची कुठलीही ओळ घे. माणसाला श्वास घ्यावा लागेल तिथंच ती तुटते, आणि त्या श्वासात बासरी येते. ज्याच्या तोंडात बासरी आहे, त्यालाच ती जागा सोडायची बुद्धी होणार. थोर्लीला आपला आवाज इतका आवडतो, की तो कुणासाठी जागा सोडणार नाही.

पाण्याखाली गेलेल्या गावाचं गाणं झुंबरआत्याला मराठीतून समजावून सांगितलं. गाव बुडालंय, तरी एक बाई रोज उंबरा झाडते, हे ऐकून आत्या म्हणाली, की बाई येडी हाय, झाडत काय बसली, आधी चौकट काढून गाडीत घालायची हुती. तिचं सासर पैठणच्या धरणात जाणार आहे ना, तिला सगळं माहीत आहे. शेवटी मात्र तिनं विचारलं, की हे गाणं करणाराचं गाव कोणत्या धरणात गेलं.

घरी सर्व ठीक. बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
पुष्पावती


॥ श्री ॥

पुणे,
ता. १९ फेब्रुवारी १९७२

चि. पुष्पावतीस,
राधाकृष्णाचे अ. उ. आ.

तुझं पत्र होस्टेलच्या खोलीत मोठ्यानं वाचलं. श्वासाचा मुद्दा ऐकून कानिफनाथ, म्हणजे माझा खोलीतला जोडीदार, वैद्यकीयचा विद्यार्थी, हातातलं पुस्तक मिटून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, की तुझ्या बहिणीला वकील करा. मी मात्र हरलेलो नाही. थोर्ली आपल्या आवाजावर लुब्ध आहे हे कबूल, पण लुब्ध माणूसच लिहितो. पेल बिचारा फोटोतसुद्धा कडेला उभा असतो.

आता मोठी बातमी. कानिफनाथाचे मामा बोटीवर आहेत, त्यांनी लंडनहून नवी रेकॉर्ड आणली. आम्ही इथं झिजेपर्यंत ऐकली. उद्याच्या शेवगाव गाडीच्या कंडक्टरजवळ देतोय, भावाला स्टँडवर पाठव. वेष्टनात दोन पुठ्ठे घातलेत. बाहेर 'काचसामान' लिहिलंय, नाहीतर त्यावर कुणीतरी डब्याची पिशवी ठेवील.

दुसरी बाजू आधी ऐक. का ते सांगत नाही. ऐकून झाल्यावर तूच मला लिहिशील, आणि मी म्हणेन, की बघ.

इंजेक्शनं सोडू नकोस. परीक्षा मार्चअखेर संपते, मग येतो. आप्पाकाकांना नमस्कार सांग आणि हे पत्र दाखवू नकोस, शाई सांडली आहे. रागावलीस तरी पत्र लिहायचं थांबू नकोस.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

शेवगाव,
ता. ८ मार्च १९७२

ती. स्व. राधाकृष्णदादास,
पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

रेकॉर्ड सुखरूप आली. पंधरा दिवस ऐकतेय, आणि आता लिहायचं धाडस करतेय.

पेल गेला, हे तू मला आधी सांगायला हवं होतंस. गंमत म्हणून लपवलंस का, ते कळत नाही. दुसरी बाजू लावली तर सुरुवातीला कितीतरी वेळ काहीच नाही, नुसती सुई खरखरते. मला वाटलं, सेल गेले. मग ऑर्गन, मग ढोल आणि थोर्ली. बासरी कुठेच नाही. पहिली बाजूही तशीच. कव्हरवर लिहिलेली नावं अजून वाचलेली नाहीत. तिथं पेलच्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव दिसेल, ते बघवणार नाही, म्हणून कव्हर पालथं ठेवलंय.

माझं म्हणणं खरं ठरलं, एवढंच समाधान, आणि ते समाधान मला नको होतं. शब्द त्याचेच होते. आता ओळी श्वासाच्या जागी तुटतात, पण त्या जागा रिकाम्या. जेवणाच्या पंगतीत एकाचं पान मांडावं आणि त्यानं येऊच नये, तसं वाटतं. त्यांनी त्याची जागा भरलीसुद्धा नाही. हे मला सर्वांत वाईट वाटलं, आणि थोडं चांगलंही वाटलं.

असं का झालं असेल? भांडण झालं का? आजारी असेल का? एवढ्या लांबच्या माणसासाठी मी दोन दिवस नीट जेवले नाही, हे वहिनीच्या लक्षात आलं. ती समजली, की ताप आहे.

इकडे पाण्याचे हाल आहेत. टँकर एक दिवसाआड येतो. पाखरंसुद्धा गाव सोडून गेली. एरवी या दिवसांत माझ्या खिडकीत चिमण्या कलकलाट करून नकोसं करतात, यंदा एकीचाही आवाज नाही. आत्याला म्हटलं, तर ती माझ्याकडे विचित्र बघत राहिली.

इंजेक्शनं नियमित चालू आहेत. खरं काय ते लिही. ओझं वाटलं तरी मला दूर करू नकोस.

तुझी,
पुष्पावती


॥ श्री ॥

पुणे,
ता. १४ मार्च १९७२

चि. पुष्पावतीस,
राधाकृष्णाचे अ. उ. आ.

तुझ्या पत्रावर आम्ही पोट धरून हसलो. बाईसाहेब, आपण कोणती रेकॉर्ड लावलीत? भजनाची तर नाही? पेल कुठेही गेलेला नाही. कव्हर सुलटं कर, त्याचं नाव थोर्लीच्याही वर छापलंय. दुसरी बाजू तर त्याचीच आहे. सुरुवातीला दुसरं कुणीच वाजवत नाही, एकटी बासरी, अगदी वरच्या सुरात, इतकी बारीक की कानिफनाथ म्हणतो, सुईनं रेशीम ओढल्यासारखी. तेवढ्यासाठी तर मी तुला ती बाजू आधी लाव म्हटलं.

सुई झिजली असेल. नाहीतर प्रवासात रेकॉर्डला काही झालं. तू एक कर. आत्याला जवळ बसवून लाव आणि तिला काय ऐकू येतं ते विचार. तिचे कान अजून शेताच्या त्या टोकाची कुजबुज पकडतात.

तू जिंकलीस असं समजून रडू नकोस, आणि हरलीस असं समजून तर मुळीच नको. लवकर लिही, वाट बघायला लावू नकोस.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

शेवगाव,
ता. १९ मार्च १९७२

ती. स्व. राधाकृष्णदादास,
पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. जे झालं तेच आणि तसंच लिहिते.

दुपारी आत्याला उंबऱ्याबाहेर बसवलं आणि सांगितलं, की पाव्यासारखं काही वाजलं की बोट वर कर, थांबलं की खाली घे. ती म्हणाली, की या वयात माझी परीक्षा घेती व्हय गं, नापास झाले तर भाकरी देनार न्हाईस का. मी सुई ठेवली. ठेवताक्षणी तिनं बोट वर केलं.

मला वाटलं, थट्टा करतेय. मी मानेनं नको म्हणून खुणावलं. तिनं बोट हलवलं नाही. डोळे मिटून ती बसली होती आणि तिची मान जरा जरा डुलत होती. खोलीत माझ्यासाठी खरखरीशिवाय काही नव्हतं. तिचं बोट वरच होतं. मग एकदम ते खाली आलं, आणि त्याच वेळी मला ऑर्गन ऐकू आला.

पुढं थोर्ली गायला लागला. तो ओळ तोडायचा, की आत्याचं बोट वर. तो पुन्हा सुरू झाला, की खाली. मी ज्या जागा रिकाम्या आहेत असं तुला लिहिलं होतं, बरोबर त्या जागी. शेवटी तिनं विचारलं, की हात दुखायला लागला, लई वाजिवतो गं हा, आता खाली घेऊ का.

मग मी तिला चिमण्यांचं विचारलं. तिनं आधी वर आढ्याकडे बघितलं. नंतर म्हणाली, की तुझ्याच आढ्याला घरटं हाय, सकाळधरून वरडत्यात.

दादा, सुई चांगली आहे. कानिफनाथांना विचार. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. रेकॉर्ड परत पाठवायची का, तेही कळव.

रागावू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
पुष्पावती


॥ श्री ॥

पुणे,
ता. २२ मार्च १९७२

चि. पुष्पावतीस,
राधाकृष्णाचे अ. उ. आ.

तुझ्या पत्रावर हसलो होतो, ते आठवून आता मान वर होत नाही. कानिफनाथानं तुझं पत्र वाचलं आणि लगेच इंजेक्शनाचं नाव विचारलं. तो म्हणतो, की हे औषध काही जणांच्या कानाच्या नसेवर जातं. आधी तोल जातो, कानात आवाज येतात, मग वरचे सूर जातात. तू ते सगळं मला फेब्रुवारीत लिहिलं होतंस, आणि मी तुला लिहिलं, की इंजेक्शनं सोडू नकोस.

हे पत्र मिळेल त्या दिवशी इंजेक्शन घेऊ नकोस. आप्पाकाकांना तार करतोय, की तुला नगरला मोठ्या डॉक्टरांकडे न्या. त्यांना सगळं सांग. नाही म्हणू नकोस, पुष्पे. एकदा तरी तक्रार कर.

परीक्षा सोडून येऊ का, ते कळव. मला परकं समजू नकोस.

तुझा,
दादा


॥ श्री ॥

शेवगाव,
ता. ११ मे १९७२

ती. स्व. राधाकृष्णदादास,
पुष्पावतीचा शि. सा. न. वि. वि.

तू येऊन गेलास तेव्हा तुझ्यासमोर नीट बोलता आलं नाही. तू ओरडून बोलत होतास आणि मला ते बघवत नव्हतं. हळू बोललास तर तुझ्या ओठांवरून अर्धं कळतं. पुढच्या वेळी ओरडू नकोस.

तू गेल्यानंतरचं लिहिते. इंजेक्शन बंद करून नगरच्या डॉक्टरांनी जी पूड दिली होती, ती पोटात ठरत नाही. तीन आठवडे घेतली आणि ओकले. संध्याकाळचा ताप पुन्हा सुरू झाला, खोकल्यातून रक्त दिसलं. परवा आप्पा मला पुन्हा घेऊन गेले. डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी कागदावर लिहून समजावलं. गेलेलं ऐकू येणं परत येणार नाही. इंजेक्शन पुन्हा घेतलं तर उरलेलंही जाईल, बहुधा पावसाळ्याच्या आत. न घेतलं तर छाती सावरेल याची खात्री नाही. आप्पांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि ते खिडकीबाहेर बघत राहिले. ज्यांनी मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कसं लिहायचं ते शिकवलं, त्यांनी या एका प्रश्नाला मदत केली नाही. मला त्यांचा राग नाही.

आज सकाळी इंजेक्शन घेतलं. तू चिडशील. काल गोरक्ष उंबरा ओलांडून आत आला, माझ्या साडीला धरून उभा राहिला आणि तोंड उघडून काहीतरी बोलला. वहिनीनं धावत येऊन उचललं. काय बोलला, हे मी विचारलं नाही. रक्त पडत असताना हे मूल या घरात रांगतंय, आणि मी कान सांभाळत बसायचं, हे मला जमणार नाही. मोठेपणा म्हणून करत नाही. घाबरून करतेय. रात्रंदिवस घाबरलेली असते. औषध घेतलं, की तेवढी एक भीती कमी होते.

'विंटर फेरी'चं. काल दोन्ही रेकॉर्डी लावल्या. पहिलीत पेल अजून आहे. थोर्ली थांबला की बासरी येते, अगदी पूर्वीसारखी. मग लक्षात आलं, की मी ऐकत नाहीये, मला ती पाठ आहे. कदाचित जानेवारीपासूनच मी ऐकत नव्हते आणि मला कळलं नाही. नव्या रेकॉर्डमध्ये मात्र तो येत नाही. ती मी वेळेत ऐकली नाही. तिथं पाठ असायला काहीच नाही.

म्हणून नवी रेकॉर्ड भावाजवळ परत पाठवतेय. पहिली ठेवून घेते. उरलेल्या दिवसांत रोज ती एकच लावणार आहे, ढोलाची प्रत्येक थाप, थोर्लीचा प्रत्येक शब्द, सगळं पाठ होईपर्यंत. त्यांनी तिसरी काढली तर पाठवू नकोस, आणि कशी आहे तेही लिहू नकोस.

तुझा आवाजही पाठ करायचा होता. पण त्या दिवशी तू नुसताच ओरडलास. जमलं तर या आठवड्यात ये आणि साधंच काहीतरी बोल.

वाट बघते.

तुझी,
पुष्पावती