कात्रीचा खिळा

चि. धाकट्यास थोरल्या भावाचे आशीर्वाद.

मी बरा आहे, एवढं आईला वाचून दाखव. पुढचं तू एकट्याने वाच.

रक्तातली साखर बरीच उतरली. फार काही केलं नाही. चहातली साखर चिमूटचिमूट कमी करत गेलो, आता गोड चहा घशाखाली उतरत नाही. दोन घास भूक ठेवून ताटावरून उठतो. आणि कात्री समोरच्या भिंतीवर टांगली. दोरा तोडायचा तर मशीनवरून उठून तिथवर जायचं. इथले कारागीर म्हणाले, "मास्तर, कापड इथे आणि कात्री तिथे?" हसू देत. वर्ष झालं, दिवसाकाठी शंभरदा तरी उठणं होतं.

सुईत दोरा ओवायला मात्र हल्ली तीन-चारदा प्रयत्न करावा लागतो. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

बाबा म्हणायचे, चांगला शिंपी बैठक मोडत नाही. म्हणून तर हात पोचेल तिथे त्यांनी कात्रीसाठी खिळा ठोकला. वीस वर्षं जागचे हलले नाहीत. साखरेने पाय गेला, तेव्हा उठायचं म्हटलं तरी उठता येईना.

पायाला मुंग्या येतात, हे तू थट्टेत लिहिलंस. त्यांचंही तिथूनच सुरू झालं होतं. उद्या सकाळीच रक्त तपासून घे.

आईचे गुडघे कसे आहेत? संध्याकाळी तिला कोपऱ्यापर्यंत तरी चालवत जा, तेवढंच तुझंही चालणं होईल.

तू बाबांच्याच मशीनवर बसतोस. तो खिळा आजच उपट. त्यांची आठवण म्हणून ठेवायचाच असेल, तर समोरच्या भिंतीत ठोक.

तुझा,
दादा